रशियन म्हणजे नक्की कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं रशियन भाषा शिकवते. व्याकरणाचे प्रश्न वर्गात येतात आणि बाकीचे सगळे रात्री साडेदहानंतर व्हॉट्सअपवर, आणि त्यातले निम्मे फिरून फिरून एकाच जागी येतात की हे रशियन लोक स्वतःला समजतात तरी कोण. तेच तेच टाइप करून बोटं दुखली म्हणून एकदाचं इथे लिहून ठेवतेय. एक सवय मात्र आधीच लावून घ्या. रशियाबद्दलचं कुठलंही भारी वाक्य समोर आलं की ते कोणी, कुठल्या साली आणि कुणाला ऐकवायला म्हटलंय हे पहिलं बघायचं.

१. रशियन हा देश झाला, भाषा झाली की समाज? पासपोर्ट रशियाचा असेल तर तो रशियनच ना?

मराठीत एकच शब्द आहे म्हणून हा घोळ होतो. त्यांच्याकडे दोन आहेत. 'रूस्की' म्हणजे भाषेनं, संस्कृतीनं, घराण्यानं रशियन. 'रसियानिन' म्हणजे रशिया देशाचा नागरिक, मग तो तातार असो, चेचेन असो, याकूत असो. वर्गात मी 'मराठी' आणि 'महाराष्ट्रातला' हे उदाहरण देते. भुलेश्वरमध्ये चार पिढ्या राहिलेलं गुजराती कुटुंब महाराष्ट्रातलं आहे यात वाद नाही, पण मराठी आहे का म्हटलं की टपरीवर अर्धा तास जातो, आणि उलटीकडून तंजावरचे मराठी महाराष्ट्रात राहत नाहीत तरी मराठीच. देशाचं अधिकृत नाव 'रसीस्काया' फेडरेशन आहे, 'रूस्काया' नाही, भाषा मात्र 'रूस्की'. २०१० च्या जनगणनेत ११.१ कोटी लोकांनी स्वतःला रूस्की म्हणून नोंदवलं, म्हणजे ज्यांनी आपला समाज सांगितला त्यांच्यातले साधारण ८१ टक्के. उरलेल्यांचं काय, ते खाली प्रश्न १६ आणि १७ मध्ये.

२. रशिया युरोपात की आशियात? गोल गोल नको, सरळ सांगा.

जमीन साधारण तीन चतुर्थांश आशियात, माणसं साधारण तीन चतुर्थांश युरोपात. पण ही 'युरोप-आशिया' रेघ उरल पर्वतावरून जाते हे ठरवलं कोणी? जुने ग्रीक आणि त्यांच्यामागून बाकीचे भूगोलवाले ती रेघ दोन नदीवर काढायचे (दोन हे नदीचं नाव आहे, आकडा नाही, दरवर्षी कोणीतरी विचारतंच). ती उचलून पूर्वेला उरलवर नेली १७३० च्या दशकात, रशियाच्या सेवेतला तातिश्चेव आणि रशियात युद्धकैदी म्हणून राहिलेला स्वीडिश अधिकारी श्ट्रालेनबेर्ग यांनी. म्हणजे झार पीटरनं (४ बघा) देश युरोपकडे ओढला आणि लगोलग नकाशाही सोयीचा झाला. मग १७६७ मध्ये कॅथरीन राणीनं कायदे करणाऱ्या मंडळासाठी जी सूचनावली लिहिली तिच्यात अगदी सुरुवातीलाच 'रशिया ही युरोपीय सत्ता आहे' असं टाकलं. फ्रान्सच्या राजाला असं काही लिहावं लागलं नव्हतं. उलटा सूर ऐकायचा तर कवी ब्लोक, जानेवारी १९१८, युरोपला तोंडावर सांगतोय की हो, आम्ही सिथियन (गवताळ प्रदेशातले जुने भटके घोडेस्वार), आम्ही आशियाई. 'दोन्ही नाही, तिसरंच काहीतरी' म्हणणारे १३ मध्ये भेटतील.

३. 'मॉस्को म्हणजे तिसरं रोम' हे साम्राज्य वाढवायचं घोषवाक्य होतं ना?

टीव्हीवरच्या चर्चेत हे हमखास येतं. पण मूळ पत्र बघा. प्स्कोवकडच्या एका मठातला फिलोफेई नावाचा साधू, साल १५२३-२४ च्या आसपास, प्स्कोवमध्ये नेमलेल्या मॉस्कोच्या मिस्यूर मुनेखिन या अधिकाऱ्याला लिहितोय आणि विषय आहे ज्योतिष! दरबारातला एक जर्मन वैद्य सांगत सुटला होता की ग्रहांची युती अशी आहे की १५२४ मध्ये महापूर येणार, सगळं उलटंपालटं होणार. फिलोफेईचं म्हणणं, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नका, राज्यं ग्रहांनी बुडत नाहीत, धर्म सोडल्यानं बुडतात. पहिलं रोम पाखंडामुळे पडलं, दुसरं म्हणजे कॉन्स्टँटिनोपल (ते १४५३ ला तुर्कांनी घेतलं), तिसरं उभं आहे आणि चौथं होणार नाही. हे 'चौथं होणार नाही' म्हणजे शेखी नव्हे, ताकीद आहे की बाबांनो तुम्ही चुकलात तर पुढे राखीव खेळाडू नाही. घोषवाक्य ते झालं १९व्या शतकात, पत्रं अभ्यासकांनी छापून बाहेर काढल्यावर.

४. पीटर द ग्रेटनं लोकांच्या दाढ्या कापल्या यात ओळखीचा काय संबंध? फॅशनच ना ती?

१६९८ ला युरोपातून परत आल्यावर त्यानं सरदारांच्या दाढ्या स्वतः कापल्या, आणि १७०५ च्या हुकुमानं दाढीवर करच बसवला. दरबारी आणि अधिकारी ६० रूबल, पहिल्या श्रेणीचे व्यापारी १०० रूबल वर्षाला, शेतकऱ्याला गावात दाढी फुकट पण शहराच्या वेशीवर दर खेपेला एक कोपेक. पैसे भरले की तांब्याचा बिल्ला मिळायचा. त्याच्यावर एका बाजूला नाक, मिशा आणि दाढी, नुसती, मागे चेहराच नाही, आणि वर लिहिलेलं 'पैसे घेतले'. बिल्ल्याचे फोटो ऑनलाइन सहज सापडतात, नक्की बघा, हसू येतं आणि मग येत नाही.

कारण ऑर्थोडॉक्स माणसाच्या लेखी दाढी म्हणजे देवानं आपल्या रूपात माणूस घडवला त्याची खूण. जॉन पेरी नावाचा इंग्रज इंजिनियर तेव्हा पीटरच्या नोकरीत होता, त्यानं लिहून ठेवलंय की वरोनेझला त्याच्या हाताखालचा एक म्हातारा सुतार दाढी काढून आला तेव्हा पेरीनं गमतीत विचारलं की दाढीचं काय केलंस, तर त्यानं अंगरख्यात हात घालून काढून दाखवली, म्हणाला घरी जपून ठेवणार, मेल्यावर शवपेटीत बरोबर द्यायला सांगणार, वर जाऊन हिशोब द्यावा लागेल. तर फॅशन वगैरे नाही हो. इथून पुढे वरचा वर्ग गुळगुळीत गालांचा, पुढेपुढे तर फ्रेंच बोलणारा, आणि खालचा दाढीवाला, आणि दोघांना एकमेकांकडे बघून 'हा रशियन की मी रशियन' हा प्रश्न पडायला लागला. इतिहासकार करामझिननं १८११ मध्ये झारसाठी लिहिलेल्या टिपणात म्हटलंच, आम्ही जगाचे नागरिक झालो पण काही बाबतींत रशियाचे नागरिक राहिलो नाही, आणि दोष पीटरचा.

५. चादायेवला खरंच सरकारी आदेशानं वेडा ठरवलं होतं का?

हो, खरंच. नेपोलियनविरुद्ध लढलेला माजी अधिकारी, मॉस्कोतला सगळ्यात नीटनेटके कपडे घालणारा माणूस अशी ख्याती. त्यानं १८२९ मध्ये ओळखीच्या एका बाईंना उद्देशून फ्रेंचमध्ये पत्र लिहिलं. सारांश असा की आपण ना पश्चिमेचे ना पूर्वेचे, आपल्याला परंपरा नाही, जगाला आपण काही दिलं नाही, धर्म घेतला तोही बायझँटियमकडून, म्हणजे उरलेल्या ख्रिस्ती युरोपनं ज्याच्याशी फारकत घेतली त्याच्याकडून. सात वर्षं हे हस्तलिखित दिवाणखान्यांत फिरत होतं तोवर कोणाला काही झालं नाही. १८३६ ला 'टेलिस्कोप' मासिकानं रशियन भाषांतर छापलं आणि धरणीकंप. मासिक बंद, संपादक नादेझ्दिन लांब उत्तरेला उस्त-सिसोल्स्कला हद्दपार, परवानगी देणारा सेन्सॉर नोकरीतून बाहेर, आणि लेखकाबद्दल झार निकोलस पहिला याचा निर्णय की हे शहाण्या माणसाचं लिखाण असूच शकत नाही. चादायेव घरात नजरकैदेत, डॉक्टर येऊन तपासून जाणार. साधारण वर्षभरानं सुटका झाली ती 'पुन्हा काही छापायचं नाही' या अटीवर. त्यानं मग 'वेड्याचा बचाव' लिहिला, त्यात थोडं फिरवून घेतलं की पाटी कोरी आहे हाच आपला फायदा, इतरांच्या चुका बघून पुढे जाता येईल.

कवी पुश्किन त्याचा जुना दोस्त. त्यानं १९ ऑक्टोबर १८३६ ला उत्तर लिहिलं की आजूबाजूचं बघून माझाही जीव विटतो, पण शपथेवर सांगतो, देवानं दिलाय त्यापेक्षा वेगळा इतिहास मला नको. गंमत म्हणजे हे देशप्रेमाचं पत्रसुद्धा फ्रेंचमध्ये, आणि शेवटी पाठवलंच नाही. रशियन कोण या वादातला पहिला मोठा सामना दोन रशियनांनी फ्रेंचमध्ये खेळला एवढं लक्षात ठेवा.

६. स्लाव्होफिल आणि पश्चिमवादी, भांडण नक्की कशावरून?

परीक्षेसाठी दोन ओळी: पश्चिमवादी (बेलिन्स्की, ग्रानोव्स्की, तुर्गेन्येव, सुरुवातीचा हेर्झेन) म्हणायचे रशिया युरोपच्याच रस्त्यावर आहे, फक्त मागे आहे. स्लाव्होफिल (खोम्याकोव, किरेयेव्स्की, अक्साकोव बंधू, सामारिन) म्हणायचे रस्ताच वेगळा आहे, तिकडे कायदा आणि एकटा माणूस, इकडे श्रद्धा आणि एकत्र नांदणं, ज्याला 'सबोर्नस्त' हा शब्द चिकटला.

आता परीक्षेबाहेरचं. हे दोन पक्ष वगैरे नव्हते, १८४० च्या दशकातल्या मॉस्कोतल्या त्याच त्या चार-पाच घरांत जेवायला येणारी माणसं होती. स्लाव्होफिलांचं हत्यार जर्मन होतं, शेलिंग आणि हेगेल. किरेयेव्स्की बर्लिनला जाऊन हेगेलची व्याख्यानं ऐकून आलेला, आणि त्यानं काढलेल्या मासिकाचं नाव काय तर 'युरोपियन', जे १८३२ ला दोन अंकांनंतर सरकारनं बंद पाडलं. कॉन्स्टँटिन अक्साकोव अस्सल रशियन पोशाख करून रस्त्यानं जायचा तर लोकांना तो इराणी वाटायचा, हा चादायेवचा विनोद हेर्झेननं नोंदवून ठेवलाय. आणि १८४९ ला सरकारनं फर्मान काढलं की सरदारांनी दाढी ठेवायची नाही, तेव्हा या देशभक्ताला ती काढावी लागली. झारला लोकांनी देशावर प्रेम केलेलं चालायचं, पण स्वतःहून केलेलं नको होतं.

वादाच्या मध्यभागी होती 'ओब्श्चिना', म्हणजे जमीन सामाईक धरून वेळोवेळी घरागणिक वाटणारी गावकी. ती किती थोर हे युरोपभर सांगितलं प्रशियाच्या हाक्स्टहाउझेन नावाच्या जहागीरदारानं, १८४३-४४ मध्ये रशियात फिरून. स्लाव्होफिलांना ती सबोर्नस्त वाटली, हेर्झेन लंडनला बसून म्हणाला अरे हा तर तयार समाजवाद. मग १८५६ ला चिचेरिन या इतिहासकारानं मांडलं की ही गावकी अनादि वगैरे नाही, सरकारनं करवसुलीसाठी घडवलेली आहे. इतिहासकार अजून त्यावर भांडतात. ज्या शेतकऱ्यांबद्दल हे सगळं चाललं होतं ते तेव्हा वेठबिगार होते, १८६१ पर्यंत, आणि त्यांना कोणी विचारलं नव्हतं (१८ बघा).

७. 'ऑर्थोडॉक्स धर्म, एकाधिकारशाही, राष्ट्रीयत्व' हे स्लाव्होफिलांचंच घोषवाक्य ना?

नाही, सरकारचं. १८३३, शिक्षणमंत्री उवारोव. फ्रेंच राज्यक्रांतीच्या तीन शब्दांना आपले तीन शब्द. पहिले दोन कळतात, तिसरा 'नारोद्नस्त' म्हणजे काय ते मुद्दाम धूसर ठेवलं, कारण 'राष्ट्र म्हणजे लोक' असं नीट म्हटलं तर लोक उद्या विचारतील मग आमचं मत? आणि हो, मूळ मसुदा फ्रेंचमध्येच.

८. 'रशिया बुद्धीनं कळत नाही' हे खरं आहे का? रशियन आत्मा वगैरे?

त्युत्चेवची १८६६ ची चार ओळींची कविता. बुद्धीनं रशिया समजत नाही, नेहमीच्या गजानं मोजता येत नाही, तिची घडणच निराळी, रशियावर फक्त श्रद्धा ठेवता येते. मूळ शब्द 'अर्शीन' आहे, कापडवाल्याचा ७१ सेंटीमीटरचा गज, आणि तो शब्द तुर्की-फारसी वाटेनं रशियात आलेला, म्हणजे मापसुद्धा बाहेरचं. कवी वीसेक वर्षं म्युनिक आणि तुरीनला वकिलातीत होता, घरात फ्रेंच बोलायचा, दोन्ही बायका जर्मन. लांबून आणि दुसऱ्या भाषेतून बघितलं की देश असाच दिसतो, कॅलिफोर्नियातल्या आपल्या मंडळींचे गणपतीतले स्टेटस आठवा.

'रशियन आत्मा' हा शब्द रशियनांनी आधी वापरला होता, पण जगभर खपवला वोग्युए या फ्रेंच मुत्सद्द्यानं, १८८६ मध्ये रशियन कादंबरीवर पुस्तक लिहून. त्यानंतर रशियनांनी तोच माल परदेशी लेबल लावून पुन्हा घरी आणला. माझं मत विचाराल तर हा शब्द निबंधात आला की मी एक मार्क कापते.

९. दोस्तोव्हस्की राष्ट्रवादी होता की सगळ्या मानवजातीचा?

दोन्ही, आणि एकाच श्वासात. १८४९ ला त्याला मृत्युदंड झाला (वधस्तंभासमोर उभं करून मग सैबेरिया) त्यातला एक आरोप काय तर समीक्षक बेलिन्स्कीनं (६ मधला) लेखक गोगोलला लिहिलेलं बंदी असलेलं पत्र मित्रांत वाचून दाखवलं. तोच माणूस ८ जून १८८० ला मॉस्कोत पुश्किनच्या पुतळ्याच्या सोहळ्यात भाषण करतो की रशियन माणसाचं वैशिष्ट्य म्हणजे दुसऱ्याच्या आत शिरून त्याला समजून घेणं, खरा रशियन होणं म्हणजे सगळ्या माणसांचा भाऊ होणं. लोक रडले, शत्रू गळ्यात पडले. पुढच्याच वर्षी, १८८१ च्या जानेवारीत, रशियन सैन्यानं तुर्कमेनांचा गेओक-तेपे किल्ला घेतल्यावर तो लिहितो की युरोपात आपण आश्रित आणि गुलाम होतो, आशियात मालक म्हणून जाऊ, युरोपात आपण तातार होतो, आशियात आपणही युरोपियन. पहिला उतारा सगळे शेअर करतात, दुसरा कोणी करत नाही. दोन्ही एकत्र ठेवून वाचले की कळतं की तो भाऊ थोरला आहे.

१०. बाहेरून आलेल्या लोकांनी काय पाहिलं? त्यांच्यावर विश्वास ठेवायचा का?

ठेवायचा, पण तो माणूस घरून काय घेऊन निघाला होता ते बघून. हर्बरश्टाइन, हाब्सबुर्ग दरबाराचा वकील, १५१७ आणि १५२६ ला मॉस्कोत आला, १५४९ ला पुस्तक काढलं, आणि त्याला स्लाव्ह भाषा येत असल्यानं बरंच नीट कळलं. त्याला पडलेला प्रश्न अजून कोणाला सुटला नाही: लोक असे आडदांड म्हणून राजा जुलमी, की राजा जुलमी म्हणून लोक असे झाले? फ्लेचर हा इंग्रज वकील, त्याचं १५९१ चं पुस्तक रशियानं नव्हे तर इंग्लंडनंच दाबलं, कारण लंडनच्या व्यापाऱ्यांना झार नाराज झालेला परवडणार नव्हता. रशियात त्याचं भाषांतर १८४८ ला छापलं तर तेही जप्त.

सगळ्यात गाजला मार्की द क्युस्तीन. त्याचे वडील आणि आजोबा दोघंही राज्यक्रांतीत गिलोटिनखाली गेलेले, म्हणून १८३९ ला गेला ते लोकशाहीविरुद्ध पुरावे गोळा करायला, आणि परत आला तो राज्यघटनेचा समर्थक होऊन. राहिला एक उन्हाळा, १८४३ ला चार खंड. रशियात बंदी, अर्थात सगळ्यांनी वाचलं. शंभर वर्षांनंतरही मॉस्कोतले पाश्चात्त्य मुत्सद्दी ते उशाला ठेवायचे. केनन या अमेरिकन मुत्सद्द्याचं मत मला पटतं, की १८३९ च्या रशियावरचं ते काही फार चांगलं पुस्तक नाही, पण स्तालिनच्या रशियावरचं उत्तम आहे.

११. 'रशियनाला खरवडा, आत तातार सापडेल' हे नेपोलियन म्हणाला होता ना? आणि चर्चिलचं कोडं?

तातारवालं वाक्य नेपोलियन, जोसेफ द मेस्त्र, क्युस्तीन, ज्याच्या त्याच्या नावावर फिरतं, पक्का मालक कोणी नाही, त्यामुळे फॉरवर्ड करू नका.

चर्चिलचं पक्कं आहे, १ ऑक्टोबर १९३९, रेडिओवर, कारण हिटलर-स्तालिन करारानंतर रशिया आता काय करेल हा प्रश्न होता. रशिया म्हणजे कोड्यात गुंडाळलेलं कोडं वगैरे सगळ्यांना पाठ. पण लगेच पुढे तो म्हणतो की कदाचित याला किल्ली आहे, ती म्हणजे रशियाचं राष्ट्रहित. म्हणजे तो सांगत होता की गूढ काही नाही, आणि आपण नेमकी ती अर्धी ओळ कापून पोस्टरवर लावतो.

१२. रशियन माणसानं आपल्याकडे येऊन स्वतःबद्दल काही लिहिलंय का?

लिहिलंय, आणि माझ्या मते सगळ्या तत्त्वज्ञांपेक्षा चांगलं. त्वेरचा व्यापारी अफनासी निकितिन, १४६९ च्या सुमाराला चौलला उतरला, तिथून जुन्नर, मग बिदर. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. विकायला एक घोडा आणला होता. जुन्नरच्या खानाला कळलं की हा मुसलमान नाही, 'रुसिन' आहे, त्यानं घोडा काढून घेतला आणि म्हणाला, धर्म बदल, घोडाही देतो आणि हजार मोहराही, नाहीतर घोडाही गेला आणि हजार मोहरा दंड. मुदत चार दिवस. एका खोरासानी ख्वाजानं रदबदली केली म्हणून निभावलं. बघा, खानाच्या डोक्यात रशियन म्हणजे एक धर्म होता, आणि निकितिनच्याही. सणवार चुकले, उपास कधी धरायचे कळेना, म्हणून तो वहीत रडतो.

त्याच वहीत एक प्रार्थना आहे, की देवा रशियाच्या भूमीला सांभाळ, तिच्यासारखी भूमी जगात नाही, जरी तिथले सरदार अन्यायी असले तरी, तिथे न्याय नांदो. हे त्यानं रशियनमध्ये नाही लिहिलं, बाजारात शिकलेल्या तुर्की-अरबी-फारसी खिचडीत लिहिलंय. सरदारांबद्दलचं कोणी वाचू नये म्हणून, की इतकी वर्षं बाहेर राहून प्रार्थनाही त्याच भाषेत यायला लागली म्हणून, यावर अभ्यासकांचे दोन तट आहेत. तो घरी पोचला नाही, स्मोलेन्स्कच्या अलीकडे वारला. वही शोधून काढली ती ४ मधल्या करामझिननं.

१३. युरेशियावाद म्हणजे दुगिनच ना?

दुगिन हा रशियन राष्ट्रवादी विचारवंत फार नंतरचा (त्याचं भू-राजकारणावरचं पुस्तक १९९७ चं). मूळ मंडळी म्हणजे क्रांतीनंतर देशोधडीला लागलेले तरुण विद्वान, सोफिया शहर, १९२१, 'पूर्वेकडे प्रस्थान' नावाचा लेखसंग्रह. भाषाशास्त्रज्ञ त्रुबेत्स्कोय, भूगोलवाला साविट्स्की, सुव्चिन्स्की, फ्लोरोव्स्की. म्हणणं असं की रशिया युरोपही नाही आणि आशियाही नाही, गवताळ प्रदेशाचं स्वतंत्र जग आहे, आणि मंगोल राजवट ही नुसती आपत्ती नव्हती, राज्य चालवायला तिनं शिकवलं. घर गेलेल्या माणसांना युरोपच्या भाड्याच्या खोल्यांत बसून युरोप नकोसा झाला यात नवल नाही. फ्लोरोव्स्की काही वर्षांत बाहेर पडला आणि सडकून टीका केली. पुढे लेव गुमिल्योवनं (कवयित्री अख्मातोवाचा मुलगा, दोनदा छावणीत जाऊन आलेला) तो धागा उचलला, आणि आज त्याच्या नावाचं विद्यापीठ आहे ते रशियात नव्हे, कझाकस्तानात अस्तानाला. म्हणजे युरेशिया म्हटलं की मॉस्कोत एक अर्थ निघतो आणि अस्तानात दुसरा.

१४. सोव्हिएत काळात सगळे सोव्हिएतच होते ना? रशियन ओळख पुसली होती?

पुसली नव्हती, उलट कागदावर पक्की केली. १९३२ पासून अंतर्गत पासपोर्ट आले आणि त्यात प्रत्येकाचं राष्ट्रीयत्व लिहिलेलं: रशियन, उझबेक, ज्यू, जॉर्जियन. सोळाव्या वर्षी पासपोर्ट काढताना आई आणि बाप वेगवेगळ्या समाजाचे असतील तरच काय ती निवड. सरकारी फॉर्मांवर ही पाचवी ओळ असायची म्हणून 'पाचवी ओळ' हा शब्दच झाला. अपंगांचे सरकारी गट तीन होते, तर ज्यू माणसं स्वतःला 'पाचव्या गटाचे अपंग' म्हणायची.

रशियनांची गोष्ट मात्र विचित्र. बाकी प्रजासत्ताकांना आपापला कम्युनिस्ट पक्ष, आपापली विज्ञान अकादमी, रशियाला १९९० पर्यंत स्वतंत्र पक्ष नाही. कारण सगळं केंद्रच त्यांचं मानलेलं. इतिहासकार स्लेझ्किननं १९९४ मध्ये फार छान उपमा दिली, सोव्हिएत संघ म्हणजे अनेक बिऱ्हाडांची सामाईक सदनिका, प्रत्येकाला आपली खोली आणि रशियनांकडे व्हरांडा, स्वयंपाकघर वगैरे. चाळीत वाढलेल्यांना जास्त समजवायला नको. स्तालिननं २४ मे १९४५ ला रशियन लोकांच्या नावानं प्याला उचलला, सगळ्यात थोर राष्ट्र म्हणून, पण १९८९ ला लेखक व्हॅलेंटिन रास्पुतिन (झारच्या दरबारातला तो साधू नव्हे) संसदेत उभा राहून म्हणाला की सगळे आम्हाला दोष देतात तर रशियानंच संघातून बाहेर पडावं का? आणि १२ जून १९९० ला रशियानं सार्वभौमत्व जाहीरही केलं. आज ती राष्ट्रीय सुट्टी आहे, आणि 'स्वातंत्र्य कुणापासून?' हा त्या दिवशीचा ठरलेला विनोद.

१५. युक्रेनियन आणि रशियन एकच लोक आहेत का?

नाही. पण 'एकच' हे म्हणणं कुठून येतं ते माहीत हवं. झारच्या काळात सिद्धांत असा की एक रशियन राष्ट्र, तीन फांद्या: मोठे रशियन, छोटे रशियन (युक्रेनियन), पांढरे रशियन (बेलारूसी). १८६३ च्या वालुयेव परिपत्रकात लिहिलंय की छोट्या रशियनांची वेगळी भाषा नव्हती, नाही आणि असू शकत नाही, आणि १८७६ च्या एम्सच्या हुकुमानं युक्रेनियन छपाई जवळपास बंदच केली. जी भाषा नाहीच तिच्यावर बंदी घालायला दोन सरकारी कागद लागले.

खालून सरकारी फायदाही होता. १८९७ च्या जनगणनेत मोठे रशियन साम्राज्यात फक्त ४४ टक्के भरतात, तिन्ही फांद्या एकत्र धरल्या की दोन तृतीयांश होतात. म्हणजे युक्रेनियन वेगळे म्हटले की रशियन आपल्याच साम्राज्यात अल्पसंख्य. दुसऱ्या बाजूनं इतिहासकार ह्रुशेव्स्कीनं १९०४ मध्ये मांडलं की कीवच्या मध्ययुगीन राज्याचा वारसा सरळ मॉस्कोकडे जातो ही मांडणीच चूक आहे. १ डिसेंबर १९९१ च्या सार्वमतात युक्रेनमध्ये ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी स्वातंत्र्याला मत दिलं. पुतिननं जुलै २०२१ मध्ये लांबलचक लेख लिहून जुनाच सिद्धांत परत मांडला आणि फेब्रुवारी २०२२ ला सैन्य घुसवलं. 'पण गोगोल?' असं कोणीतरी विचारणारच, कारण तो युक्रेनमध्ये जन्मला आणि रशियनमध्ये लिहायचा. त्यानं १८४४ ला एका पत्रात लिहिलंय की माझा आत्मा कुठला, युक्रेनियन की रशियन, मलाच माहीत नाही. एका माणसाला असं वाटू शकतं. त्यावरून चार कोटी लोकांचा निकाल लागत नाही.

१६. मग रशियन रक्त नसलेला माणूस रूस्की होऊ शकतो का?

पुश्किनचा पणजोबा आफ्रिकेतून आणलेला अब्राम गानिबाल. रशियन भाषेचा महाकोश करणाऱ्या दालचे वडील डेन्मार्कचे. कॅथरीन तर पूर्ण जर्मन. झारच्या काळात नियम धर्माचा होता, ऑर्थोडॉक्स बाप्तिस्मा घेतला की दार उघडं (निकितिनच्या खानासारखंच, फक्त उलट्या बाजूनं). ज्याला आपण अस्सल रशियन निसर्ग म्हणतो, ते बर्च आणि ती संथ नदी, ती रंगवली इसाक लेव्हिताननं, आणि तो बाप्तिस्मा न घेतलेला ज्यू, म्हणून १८९२ मध्ये ज्यूंना मॉस्कोतून काढलं तेव्हा त्यालाही शहर सोडावं लागलं, ओळखीच्यांनी खटपट केली तेव्हा परत येता आलं. सोव्हिएत काळात धर्माचं दार बंद झालं आणि त्या जागी आई-बापाच्या कागदाचं आलं, ते बदलणं उलट जास्त अवघड.

अपवादातला अपवाद: परदेशात गेलं की तातार, ज्यू, आर्मेनियन सगळेच 'रशियन' होतात, कारण इस्राएलमधल्या किंवा अमेरिकेतल्या शेजाऱ्याला फरक कळत नाही. घरी जो कधी रूस्की नव्हता तो विमानातून उतरल्यावर होतो.

१७. आजचं सरकारी उत्तर काय?

दोन आहेत आणि दोन्ही एकाच घटनेत. १९९३ च्या घटनेची सुरुवात 'आम्ही रशियन फेडरेशनचे बहुराष्ट्रीय लोक' अशी. येल्त्सिन भाषणात 'प्रिय रसियान्ये' म्हणायचा (शब्द १ मध्ये), आणि १९९६ ला निवडून आल्यावर त्यानं राष्ट्रीय कल्पना शोधून द्या म्हणून लोकांना कामाला लावलं, सरकारी वर्तमानपत्रानं बक्षीसही ठेवलं. काही हाती लागलं नाही. १९९७ च्या नव्या पासपोर्टातून राष्ट्रीयत्वाची ओळ काढली तर बोंब तातारस्तानातून झाली, कारण तिथल्या लोकांना ती ओळ गेली म्हणजे आपण गेलो असं वाटलं. मग २०२० च्या दुरुस्तीत ६८व्या कलमात रशियन ही 'राज्य घडवणाऱ्या लोकांची' भाषा असं आलं. लोकांचं नाव घेतलेलं नाही. कळतं सगळ्यांना.

१८. सामान्य रशियन माणसाला हे सगळं पडलेलं असतं का?

लिहून ठेवणारे सगळे शिकलेले, त्यामुळे इतरांचं थेट फार कमी मिळतं. शेतकऱ्याला रशियनमध्ये 'क्रेस्त्यानिन' म्हणतात, मूळ अर्थ 'ख्रिश्चन'. कोण तुम्ही विचारलं तर तो आम्ही ऑर्थोडॉक्स म्हणायचा, नाहीतर गावाचं, फार तर प्रांताचं नाव सांगायचा. १८९७ च्या जनगणनेच्या फॉर्मवर राष्ट्रीयत्वाचा रकाना नव्हताच. मातृभाषा आणि धर्म विचारला होता. व्यवसायाचाही रकाना होता, आणि झार निकोलस दुसरा यानं आपला फॉर्म भरताना त्यात लिहिलं, 'रशियाच्या भूमीचा मालक'.